गाळा ठरवण्याआधी शेजार बघा: नवं दुकान टाकणाऱ्यांसाठी

नवं दुकान टाकायचं ठरलं की आपण एजंटला फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, भाडं किती? दुसरा, डिपॉझिट किती? मग गाळ्याची लांबी-रुंदी, दर्शनी भाग, पाण्याची सोय. शेजारी कोणकोण आहे, ते गाळा बघायला गेल्यावर ओझरतं दिसतं तेवढंच. हा क्रम उलटा करा. ज्याला अजून बाजारात कोणी ओळखत नाही, त्याच्याकडे पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून बाहेर पडून येतं. म्हणून आधी शेजार निवडायचा आणि मग त्या शेजारात परवडणारा गाळा शोधायचा.

माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाईचं दुकान आहे, साड्यांच्या दुकानांच्या ओळीत. त्यामुळे उदाहरणं बरीचशी याच धंद्यातली येतील. पण पद्धत झेरॉक्सवाल्याला, मेडिकलवाल्याला, पार्लर चालवणारीला किंवा मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला तशीच उपयोगी पडेल. हातात उत्तम कला असलेले कारागीर केवळ चुकीच्या जागी बसल्यामुळे दुकान बंद करताना मी पाहिलेत. ते टळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला लागेल ते एवढंच: एक शंभरपानी वही, पेन, घड्याळ, फोनचा कॅमेरा आणि साधारण पंधरा दिवसांची सवड. ही सवड काढल्याशिवाय टोकन देऊ नका, एजंट कितीही घाई करू दे.

१. गिऱ्हाईक तुमच्या आधी कुठे जातं आणि नंतर कुठे, ते लिहा

वहीच्या पानाच्या मधोमध तुमचा धंदा लिहा. डावीकडे, तुमच्याकडे येण्याआधी माणूस कुठे गेलेला असतो. उजवीकडे, तुमच्याकडचं काम झाल्यावर तो कुठे जाणार.

माझं पान असं होतं. आधी: साडीचं दुकान, मॅचिंग सेंटर. नंतर: बांगड्या, इमिटेशन ज्वेलरी, पार्लर, मेंदी. बाई साडी घेते, मॅचिंगमध्ये अस्तर, फॉल, परकर बघते आणि लगेच विचारते, "इथे जवळ फॉल-पिको कोण करून देतं?" हा प्रश्न ज्या दाराशी विचारला जातो, तिथून तुमची पाटी दिसायला हवी.

दवाखान्याचं पान वेगळं निघेल: डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅब, मेडिकल, फळवाला. दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ टायपिंग, झेरॉक्स, नोटरी. आरटीओजवळ पीयूसी, विमा, पासपोर्ट फोटो. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं राहतात, तिथे अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, जुनी पुस्तकं आणि चहा ही साखळी गल्लोगल्ली दिसते. मंगल कार्यालयाभोवती फुलवाला, पार्लर, फेटे बांधणारा.

डावीकडच्या यादीतली निदान दोन दुकानं जिथे चालत दोन-तीन मिनिटांच्या आत आहेत, अशाच भागात गाळे बघा. उजवीकडची यादीही फेकून देऊ नका. ती मंडळी तुमच्याकडून गिऱ्हाईक घेणार आहेत, त्यामुळे तुम्ही तिथे यावं असं त्यांनाही वाटतं. तेच तुम्हाला जागेची खरी माहिती देतात.

२. तोच धंदा करणारा शेजारी बघून पळून जाऊ नका

नव्या माणसाची सगळ्यात मोठी भीती हीच असते: "तिथे आधीच चार दुकानं आहेत, आपल्याकडे कोण येणार?" यावर जरा थांबून विचार करायला हवा.

पुण्यात पुस्तकांसाठी माणूस अप्पा बळवंत चौकात जातो. साड्या आणि सोन्यासाठी लक्ष्मी रस्त्याला. मुंबईत सोन्यासाठी झवेरी बाजार, कापडासाठी मंगळदास मार्केट, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड. कोल्हापुरात दागिन्यांची गुजरी आणि चपलांची चप्पल लाइन. एकाच मालाची दुकानं अशी खांद्याला खांदा लावून बसतात आणि तरीही टिकतात. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२९ साली गणित मांडून दाखवलं होतं की एकाच रस्त्यावर सारखा माल विकणारे दोघे जास्तीत जास्त गिऱ्हाईक आपल्या बाजूला ओढायला जातात आणि सरकत सरकत मध्यावर एकमेकांशेजारी येतात. आपल्या पेठांमागे मला त्याहून साधं एक कारण दिसतं. साडी, सोनं, फर्निचर, चष्म्याची फ्रेम या वस्तू माणूस चार ठिकाणी बघून, हाताळून, भाव विचारून घेतो. एकाच जागी चार दुकानं असली की त्याची पायपीट वाचते, म्हणून तो लांबून तिथे येतो. एकटं दुकान एवढ्या लांबून माणूस ओढू शकत नाही.

दुसरा फायदा बाहेरून दिसत नाही. पुस्तकाच्या दुकानात एखादं पुस्तक नसेल तर "पाच मिनिटं थांबा, आणून देतो" म्हणत मुलगा शेजारच्या दुकानातून ते आणतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही आणि दोन्ही दुकानांना थोडं थोडं सुटतं. आमच्याकडे दोऱ्याची शेड संपली, मशीन अडलं, कारागीर आला नाही, तर याच गल्लीत मदत मिळते. मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिकही जिथे दहा मशीनं आहेत तिथे आधी येतो.

पण हे सगळ्या धंद्यांना लागू नाही. दूध, किराणा, औषधं, केस कापणं, इस्त्री: इथे माणूस जवळचं दुकान बघतो, चार ठिकाणी फिरत नाही. अशा धंद्यात शेजारीच दुसरा असेल तर गिऱ्हाईक सरळ वाटलं जातं. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्याकडची वस्तू किंवा काम घेण्याआधी माणूस तुलना करतो का? करत असेल तर घोळक्यात बसा. नसेल करत, तर त्या धंद्याचं दुकान नसलेला चौक शोधा.

३. उभं राहून मोजा

एजंट सांगतो, "मॅडम, इथे तुफान गर्दी असते." गर्दी असते हे खरंच असेल, पण ती तुमची आहे का?

शेजारच्या चहाच्या टपरीवर बसा किंवा समोरच्या बाजूला उभ्या राहा आणि एका वेळी पंधरा मिनिटं मोजा. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सकाळी अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेआठ. एक साधा वार, एक शनिवार, एक रविवार आणि बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस, एवढं तरी करा.

मोजायचं काय? नुसती जाणारी माणसं नकोत. हे बघा:

- शेजारच्या दुकानातून हातात पिशवी घेऊन किती जण बाहेर पडले. ज्याने खरेदी केली आहे, तोच पुढच्या कामासाठी थांबतो.
- बाहेर पडल्यावर ते डावीकडे वळले की उजवीकडे. मुख्य रस्ता, रिक्षा स्टँड, बस थांबा ज्या बाजूला, त्या बाजूला पाय वळतात. तुमचा गाळा उलट्या दिशेला असेल तर दहा पावलांचं अंतरही जास्त ठरतं.
- रस्त्याला दुभाजक आहे का. असेल तर पलीकडची दुकानं तुमच्या शेजारात धरूच नका.
- दुपारी ऊन कोणत्या फुटपाथवर येतं. एप्रिल-मे मध्ये सगळी गिऱ्हाइकं सावलीच्या बाजूने चालतात, आणि लग्नाची खरेदी त्याच दिवसांत असते.
- बंद शटरं. सलग तीन-चार शटरं बंद असली की चालणारा माणूस तिथून मागे फिरतो. त्यांच्या पलीकडचा गाळा स्वस्त मिळतो, तो याचसाठी.

वेळ जुळणंही तेवढंच महत्त्वाचं. दूध डेअरीसमोर सकाळी सातला रांग असते, पण त्या वेळी ब्लाउजचं माप द्यायला कोणी येत नाही. बँक शेजारी असणं झेरॉक्सवाल्याला फार उपयोगी, पण बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, रविवारी बंद आणि दुपारनंतर ओस. शाळेशेजारी स्टेशनरी टाकणार असाल तर मे महिन्याचं भाडं कुठून भरणार, ते आधी ठरवा.

शेजाऱ्याचा हंगाम तोच तुमचा हंगाम होतो. पितृपक्षात साड्या-सोन्याच्या दुकानात शांतता असते, म्हणून माझ्याकडेही असते. त्याआधी गौरी-गणपती, नंतर दसरा-दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि संक्रांतीला काळ्या साड्या. जानेवारी ते मेपर्यंतच्या कमाईतून आषाढाचं भाडं बाजूला काढून ठेवावं लागतं. कपड्यांच्या बाजारात गाळा घेणाऱ्या प्रत्येकाने हे पंचांग आधी वहीत उतरवावं.

४. शेजाऱ्यांशी बोला, पण आधी काहीतरी विकत घ्या

हात हलवत जाऊन "धंदा कसा चालतो?" विचारलंत तर कोणी खरं सांगणार नाही. रुमाल घ्या, टिकलीचं पाकीट घ्या, चहा घ्या. मग सांगा, "दादा, शेजारचा गाळा बघतेय, फॉल-पिकोचं करायचंय." तुमच्या धंद्याने त्याला फायदा होणार असेल तर तो स्वतःहून बोलायला लागतो. एवढं विचारून घ्या:

- आधीच्या भाडेकरूने गाळा का सोडला? हा प्रश्न निदान तीन दुकानांत विचारा. मालकाचं उत्तर आणि शेजाऱ्यांचं उत्तर वेगळं आलं तर शेजाऱ्यांचं धरा.
- मालक दरवर्षी भाडं किती वाढवतो? दुरुस्तीला पैसे देतो का?
- पावसाळ्यात पाणी दुकानात शिरतं का? पायऱ्यांवर, भिंतीवर ओलीची रेघ स्वतः बघा. कापडाच्या धंद्याला ओल म्हणजे सरळ नुकसान.
- रस्ता रुंदीकरण, मेट्रो, उड्डाणपूल असं काही येणार आहे का? समोर पत्रे लागले की शेजारचं मोठं दुकानसुद्धा गिऱ्हाइकाविना बसतं.
- तुमचं दुकान स्वतःचं की भाड्याचं? हे आडून विचारा. का, ते पुढच्या पायरीत सांगते.

५. एकाच मोठ्या शेजाऱ्यावर भार टाकू नका

हा सापळा सगळ्यात धोक्याचा, कारण सुरुवातीला तो सापळा वाटतच नाही. मोठं साडी दुकान, मोठं इस्पितळ, कॉलेज, कंपनीचं ऑफिस शेजारी असलं की पहिल्या महिन्यापासून काम येतं. मग तो शेजारी हलतो. इस्पितळ नव्या इमारतीत जातं, कॉलेज गावाबाहेरच्या आवारात जातं, बँक शाखा चौकापलीकडे नेते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नंतरही आयटी कंपन्यांची माणसं बराच काळ घरून काम करत राहिली. तेव्हा हिंजवडीसारख्या भागात ऑफिसच्या जेवणावर चालणाऱ्या खानावळींचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. रस्ता तोच, स्वयंपाकी तेच, पण जेवणारे गेले.

म्हणून मोठ्या शेजाऱ्याची जागा स्वतःची आहे का, करार संपत आला आहे का, एवढी चौकशी करा. आणि असं बघा की तो उद्या गेला तरी तुमचं भाडं निघेल इतकं काम इतर दोन-तीन ठिकाणांहून येऊ शकेल. माझ्या मते कोणत्याही एका शेजाऱ्याकडून निम्म्याहून जास्त काम यायला लागलं तर आनंदाबरोबर सावध व्हायची वेळ झाली.

६. नडणारे शेजारी

इथे चांगला-वाईट धंदा असा न्याय करायचा नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण आणि ते कोणत्या वेळी येतं, एवढंच बघायचं. बायका संध्याकाळी सात-आठला माप द्यायला येणार असतील तर दारूच्या दुकानाला लागून गाळा घेऊ नका, भाडं निम्मं असलं तरी. पूजेच्या साहित्याला मटणाच्या दुकानाचा शेजार चालत नाही. गॅरेजशेजारी पांढऱ्या कापडाचं काम टिकत नाही, शिवाय दुरुस्तीच्या गाड्या तुमच्या दारात उभ्या राहतात. फ्लेक्स छपाई आणि फॅब्रिकेशनचा आवाज क्लासवाल्यांना परवडत नाही. शाळा-कॉलेजजवळ पानाची गादी टाकायचा विचार असेल तर २००३ च्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

७. भाड्याचा हिशोब शेजारासकट करा

समजा, आतल्या गल्लीतला गाळा महिना १२,००० आणि साड्यांच्या ओळीतला २०,०००. फरक ८,०००. एका साडीच्या फॉल-पिकोत फॉल, दोरा, मजुरी, वीज जाऊन ४० रुपये सुटतात असं धरा. ८,००० भागिले ४०, म्हणजे २०० साड्या. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर रोज आठ साड्या जास्त आल्या तरच महाग गाळा परवडतो. आता तिसऱ्या पायरीतली वही उघडा. शेजारच्या दुकानांतून रोज पिशवी घेऊन किती बायका बाहेर पडतात, त्यातल्या आठ जणी वळतील का? तुमच्या धंद्याचे आकडे घालून हे गणित करा. उत्तर "कदाचित" आलं तर दुसरा गाळा बघा.

८. कागदपत्रं

शेजार पसंत पडला की मग कागदं. घाईत यातलं काही सोडू नका.

मालकाकडून मागायची:
- मिळकत कराची चालू पावती आणि वीजबिल. बिल व्यापारी दराचं आहे का आणि मागची थकबाकी आहे का, बघा.
- मंजूर नकाशात किंवा भोगवटा प्रमाणपत्रात तो गाळा व्यापारी वापराचा आहे का. पार्किंगची जागा बंद करून काढलेले गाळे कधीही पाडले जाऊ शकतात.
- इमारत सोसायटीची असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक गाळा स्वतः न वापरता भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) कोण भरणार, ते लेखी.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असू दे, पण तो नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करारात शेजाराशी संबंधित तीन गोष्टी घालून घ्या, नंतर कोणी घालू देत नाही. एक, पाटी कुठे आणि केवढी लावता येईल. दोन, दारासमोरची जागा कोणाच्या वापरात राहील. तीन, मालकाचे त्याच इमारतीत आणखी गाळे असतील तर तुमच्या मुदतीत तोच धंदा दुसऱ्याला देणार नाही, असं कलम. दुसरी पायरी वाचून तुम्ही म्हणाल, स्पर्धक तर चालतो ना? बाजारात चालतो. पण एकाच जिन्याच्या दोन बाजूंना एकाच मालकाने दोन फॉल-पिकोवाले बसवले तर काम वाढत नाही, फक्त दर पडतात.

तुमच्या नावाची:
- आधार, पॅन, धंद्याच्या नावाने बँक खातं.
- शॉप ॲक्टची नोंदणी किंवा सूचना (कामगारांच्या संख्येवर ठरतं, ऑनलाइन होतं).
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा.
- जीएसटी: नुसत्या सेवेला वर्षाला २० लाख आणि नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. तुमच्यासाठी काही अपवाद आहे का, ते सीएला विचारा.
- खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना, औषधांचा असेल तर औषध प्रशासनाचा परवाना.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांहून लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हा नियम आहे.

९. शेजाऱ्यांकडून काम कसं मिळवायचं आणि कसं टिकवायचं

खरं महत्त्वाचं हे. नुसतं शेजारी बसून काम येत नाही.

उद्घाटनाच्या आधी प्रत्येक दुकानात पेढे घेऊन स्वतः जा, आमंत्रण द्या. मालकाइतकंच काउंटरवरच्या सेल्समनशी बोला. गिऱ्हाईक "फॉल-पिको कुठे?" हे मालकाला विचारत नाही, साडी घडी करणाऱ्या दादांना विचारतं. त्यांच्या घरची एक साडी मन लावून करून द्या. तुमचं काम त्यांनी हातात घेऊन पाहिलेलं असलं की ते खात्रीने तुमचं नाव सांगतात.

मग दुकानाबरोबर बोलणी करा. दोन पद्धती चालतात. एकात दुकानदार फक्त तुमचं नाव सांगतो, बाई साडी घेऊन तुमच्याकडे येते आणि पैसे तुम्हाला देते. दुसऱ्यात साड्या दुकानातच जमा होतात, तुमचा माणूस संध्याकाळी गठ्ठा उचलतो, तयार साड्या दुकानात पोहोचवतो आणि हिशोब दुकानाशी. दुसऱ्या पद्धतीत दर कमी मिळतो, पण काम एकगठ्ठा येतं. सुरुवातीला दोन्ही ठेवा. फक्त दर कोणत्या कामाचा ते नीट ठरवा: मशीनचा फॉल, हातशिलाईचा फॉल, पिको, पदराचे गोंडे, रोल प्रेस, प्रत्येकाचा वेगळा. पैठणी आणि भारी सिल्कला हातशिलाईच, हे पहिल्याच दिवशी सांगा. गौरी-गणपती आणि लग्नसराईच्या घाईचा दर आधी ठरलेला असावा, ऐन घाईत मागितला तर अडवणूक वाटते.

प्रत्येक साडीला चिठ्ठी लावा. माझ्या नोंदवहीतले रकाने असे आहेत: तारीख, दुकान, चिठ्ठी क्रमांक, साडीचा रंग आणि प्रकार, ब्लाउजपीस कापला आहे की नाही, फॉल कोणाचा, काम कोणतं, द्यायची तारीख, रक्कम, मिळाले. ब्लाउजपीसचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. साडीलाच जोडून आलेला पीस न कापता पिको झाला किंवा कोणी तो भलत्याच ठिकाणी कापला, तर दुकान म्हणतं तुमची चूक आणि तुम्ही म्हणता दुकानाची. घेतानाच साडी पूर्ण उलगडून बघा. डाग, खेच, विणीतली चूक दिसली तर दुकानाच्या माणसासमोर लिहा. सुती फॉल पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. पहिल्या धुण्यात फॉल आटला आणि साडीला चुण्या आल्या तर बाई आधी साडीच्या दुकानात जाऊन भांडते. तुमच्या कामाने शेजाऱ्याचं नाव जाता कामा नये. हा शेजार त्या विश्वासावर चालतो.

नुकसान झालं तर भरपाई कोणी आणि किती द्यायची, हेही आधी बोलून घ्या. अवघड वाटतं, तरी बोला.

उधारीचा वार ठरवा. दर शनिवारी हिशोब, दर महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण चुकते. मोठं दुकान आहे, नंतर देतीलच, असं म्हणून दोन महिने थकू दिलंत तर तुमच्या पैशांवर त्यांचा धंदा चालायला लागतो आणि मागायला गेल्यावर तुम्हीच वाईट ठरता. एक महिना थकला तर नवा गठ्ठा उचलू नका. हसून, पण ठामपणे सांगा.

आणखी तीन पथ्यं. गिऱ्हाइकाच्या साडीच्या किमतीवर कधीही बोलू नका. "एवढ्याला घेतली? शेजारी स्वस्त मिळाली असती" हे एक वाक्य दुकानदाराच्या कानावर गेलं की तुमचं नाव सांगणं बंद. दोन साडी दुकानांचं काम करत असाल तर एकाचा नवा माल, एकाचे दर दुसऱ्याला कळू देऊ नका, गठ्ठेही उघड्यावर ठेवू नका. आणि गिऱ्हाईक उलट दिशेनेही पाठवा. ब्लाउज शिवायला आलेल्या बाईला अस्तर हवं असेल तर मॅचिंग सेंटरचं नाव सांगा आणि शक्य असेल तर चिठ्ठी द्या. चिठ्ठी बघितली की त्यांना कळतं, तुमच्याकडून किती माणसं आली.

कमिशनचा प्रश्न निघतोच. माझं मत विचाराल तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे रोख कमिशन देण्यापेक्षा कामाची खात्री द्या: ठरल्या तारखेला माल, घाईची साडी त्याच दिवशी, चूक झाली तर फुकट दुरुस्ती. कमिशनवर आलेला शेजारी जास्त कमिशन देणाऱ्याकडे जातो.

१०. बस्त्याच्या दिवसाची तयारी

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी येतात, आजीपासून लहान पोरांपर्यंत. सकाळी आलेली माणसं संध्याकाळपर्यंत त्याच रस्त्यावर असतात. त्यांना चहा लागतो, जेवण लागतं, बसायला जागा लागते, स्वच्छतागृह लागतं. शेजारच्या दुकानांनी एकत्र येऊन या दिवसाची सोय केली तर सगळ्यांचा धंदा वाढतो. साडीवाल्याने आदल्या दिवशी कळवलं की मी मापं घ्यायला एक मुलगी मोकळी ठेवते. ती बस्ता चालू असतानाच नवरीचं आणि करवल्यांचं माप घेते. बांगडीवाल्याला आणि पार्लरला मी कळवते. हा साधा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पाच-सहा दुकानांचा. त्यात सुविचार टाकायचे नाहीत एवढा एक नियम ठेवा, म्हणजे कामाचा निरोप बुडत नाही.

पार्किंग, कचरा, समाईक सीसीटीव्ही, दिवाळीची रोषणाई याच ग्रुपवर ठरतं. व्यापारी संघाची वर्गणी वेळेवर द्या. आणि दुकानाच्या वेळा शेजाऱ्यांशी जुळवा. साडी दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी आणि तुम्ही साडेसातला बंद, तर शेवटच्या दीड तासाचं काम आपण होऊन सोडलंत.

११. "कुठून आलात?" हा रकाना ठेवा

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, "आमचं नाव कोणी सांगितलं?" नोंदवहीत खूण करा: अमुक दुकान, मॅचिंग सेंटर, पार्लर, जुनं गिऱ्हाईक, पाटी बघून. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. काही महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. एखादं मोठं दुकान ज्याच्या मागे तुम्ही लागला होतात, तिथून काहीच येत नाही आणि कोपऱ्यावरचा छोटा टिकली-बांगडीवाला रोज दोन बायका पाठवतो, असंही निघतं. दिवाळीचा फराळ त्याच्याकडे आधी जाऊ द्या.

कराराचं नूतनीकरण येण्याच्या तीन महिने आधी ही वही उघडा. जुन्या गिऱ्हाइकांमुळे आलेलं काम आणि शेजारामुळे आलेलं काम वेगळं काढा. जुन्या गिऱ्हाइकांचं काम भाडं भागवत असेल तर मालक वाढ मागताना तुम्ही आतल्या गल्लीत जायची तयारी दाखवू शकता, आणि ती खरी असेल. शेजाराचं काम जास्त असेल तर मुदत लांबवून घ्या, तीन वर्षांची मिळाली तर तीन, आणि दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहून घ्या.